आईच्या खोलीतली हवा

लेक – बाबा, जरा बाजूला व्हा ना. मीटर तुमचाच श्वास मोजतंय.

बाबा – घ्या! आता स्वतःच्या घरात श्वाससुद्धा घ्यायचा नाही का?

लेक – घ्या हो, पण त्या मीटरवर नको. दाराशी उभे राहून घ्या.

बाबा – सकाळपासून बघतोय. हॉलमध्ये मोजलंस, झोपायच्या खोलीत मोजलंस, मोरीतसुद्धा मोजलंस. सगळीकडे म्हणालीस, उत्तम आहे. मग इथं काय वेगळं निघणार? घर तर एकच आहे.

लेक – घर एकच आहे, पण आई दिवसभर या खोलीत असते.

आई – मी इथंच आहे. माझ्याबद्दल बोलताय... तर मोठ्यानं बोला.

लेक – तू उठून कशाला आलीस? डॉक्टर काल काय म्हणाले?

आई – डॉक्टर म्हणाले, घर सोडा. पडून राहा... असं नाही म्हणाले. बांधणीला घेतलेली हातातली पुस्तकं संपवते. शिवून झालीत. नुसते पुठ्ठे चढवायचे राहिलेत.

बाबा – ऐक! कालपासून माझ्या घशाखाली घास उतरत नाहीये, आणि हिला पुठ्ठ्यांची पडलीय. अगं बाई, बस त्या खुर्चीत. बसून बोल. निदान बसून दम तरी खा.

आई – बसले. झालं?

बाबा – नाही झालं. साहेब, मला एक समजावून सांग. तू एवढी शिकलेली आर्किटेक्ट. हे घर तू बांधलंस. सिमेंट नको म्हणालीस, आपण मातीचा गिलावा केला. रासायनिक रंग नको म्हणालीस, आपण चुना लावला. भिंतीत पेंढा भरायचा म्हणालीस, मी या हातांनी ठासून ठासून भरला. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, विजेचा खर्च जवळपास नाहीच. लोक बघायला येतात, तुझी कॉलेजची पोरं भिंतीला कान लावून बसतात. आणि तो डॉक्टर म्हणतो, या घरामुळं हिची छाती गेली! त्यानं घर बघितलंय तरी का?

लेक – मीही हेच म्हटलं त्यांना. भांडलेच काल.

बाबा – मग?

लेक – मग त्यांनी आईच्या छातीचा फोटो दाखवला.

बाबा – तो मला काही कळला नाही. नुसतं धुकं.

लेक – मला कळला. तिच्या फुप्फुसाचा खालचा भाग घट्ट होत चाललाय. बुरशीची हवा सतत आत गेली की असं होतं म्हणे. वर्षभर आपण साधा खोकला म्हणून काढे देत बसलो.

बाबा – बुरशी! कुठं आहे बुरशी? दाखव ना मला. रोज सकाळी फडकं मारतो मी. आरशासारखं घर ठेवलंय.

आई – आरसा मी पुसते. हे नुसतं... फडकं फिरवतात.

बाबा – बघ, जीभ ठणठणीत आहे. जिला एवढं बोलता येतं, तिची छाती कशी जाईल?

लेक – बाबा, थांबा. आकडा चढतोय.

बाबा – कसला?

लेक – हवेचा. हॉलमध्ये निम्मासुद्धा नव्हता. शिळी हवा आहे ही. आई, तुला इथं जड नाही वाटत? डोकं दुखत नाही?

आई – दुखतं. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं वाटलं.

लेक – मला ती दुसरी पेटी द्या बाबा, दोन टोकदार सुया असलेली. तीच. आता भिंतीत खुपसते, जरा...

बाबा – अगं अगं, गिलाव्याला भोक पाडतेस!

लेक – पडू दे. ओल बघायचीय. ...नाही. असं कसं? परत बघते. इथं, रॅकच्या मागं.

बाबा – काय झालं?

लेक – भिंत ओली आहे.

बाबा – वरून तर कोरडी लागते. हात लावून बघ.

लेक – वरून कोरडीच लागणार. आतला पेंढा ओला आहे. खालपासून माझ्या खांद्यापर्यंत. ही ओल आली कुठून? पाईप नाही या भिंतीत, बाहेरून पाणी लागत नाही...

आई – मी रोज खळ करते. ती वाळते. ओल असेल... तर तीच असेल.

लेक – खळ तर तू जन्मभर करतेयस, आई. पिठाची खळ, ओले पुठ्ठे, शिकंज्यात दाबून ठेवलेली पुस्तकं, सगळं ठाऊक होतं मला. म्हणून तर या खोलीत मी हवेसाठी मोठी जाळी दिली होती. बाकीच्या घरापेक्षा दुप्पट. माळ्यावरचं यंत्र इथली दमट हवा ओढून घेईल आणि बाहेरची गाळून आत सोडेल, असा सगळा हिशेब होता. या घरात एक फट ठेवली नाही मी, बाबा. दारं-खिडक्यांच्या कडेनं पट्ट्या मारल्या, भिंतीचे सांधे बुजवले. हवा येणार-जाणार ती फक्त त्या जाळ्यांमधून.

बाबा – आणि ते यंत्र चालू आहे. मी रोज बघतो. हिरवा दिवा लागलेला असतो. परवाच फिल्टर झटकला, काळाकुट्ट झाला होता.

लेक – मीही बघितलं आत्ता, व्यवस्थित चाललंय. म्हणून तर कळत नाहीये. ...बाबा.

बाबा – काय गं?

लेक – जाळी कुठाय?

बाबा – कुठली?

लेक – या खोलीतली. या भिंतीवर, वर, छताच्या खाली. माझ्या नकाशात इथंच होती. मी स्वतः उभी राहून बसवून घेतलीय.

बाबा – मग असेल की तिथंच. जाळी काय चालत जाणार आहे?

लेक – बघा ना तुम्ही. आहे का? सलग भिंत आहे.

बाबा – हं... सलगच दिसतेय.

लेक – बाबा? तुम्ही खाली काय बघताय?

(टेबलावर चढल्याचा, मग वर भिंतीवर बोटांनी ठोकल्याचा आवाज. आधी भरीव, मग एका जागी पोकळ.)

लेक – हा कागद आहे.

आई – तीन थर आहेत. वरचा जरा खरखरीत... मातीच्या रंगाचा. रंग मीच कालवला.

लेक – आई.

आई – कड दिसली नाही ना कुठं? कड तासून घेतली होती. पुस्तकाच्या पाठीला घेतो तशी.

लेक – आई, तू जाळीवर कागद चिकटवलास?

आई – वारा यायचा गं.

लेक – वारा येण्यासाठीच होती ती!

आई – हो ना. पण तो थेट टेबलावर यायचा. फाटलेल्या पानाला मी जो पातळ कागद लावते... तो श्वासानंसुद्धा उडतो. तो लावताना मी तोंडावर पदर धरते. आणि वरून हा सारखा फूऽऽ. शिवाय खळ एका कडेनं आधी वाळायची. पुठ्ठे वाकायचे. वाकलेलं पुस्तक मी... कुणाला कसं देऊ?

बाबा – दमलीस. थांब जरा. पाणी घे.

आई – नको.

लेक – कधी केलंस हे?

आई – राहायला आलो... त्याच आठवड्यात.

लेक – म्हणजे पहिल्यापासून! पहिल्यापासून तू या बंद डब्यात बसलीयस. आणि मी इथं माणसं घेऊन आले. या खोलीत उभी राहून त्यांना सांगितलं, श्वास घेऊन बघा, किती ताजी हवा आहे. आई, मी इथं उभी होते! तुला एकदाही सांगावंसं नाही वाटलं?

आई – सांगणार होते. पण तू एवढी हरखून गेली होतीस. रात्र रात्र बसून काढलेलं घर. त्यातली एक वस्तू मला नको आहे... असं कसं म्हणायचं? म्हटलं, आपलं आपण करावं. कुणाला दिसणार नाही असं.

लेक – मला दिसलं नाही.

आई – नाही दिसलं. तू त्या भिंतीकडं बघत होतीस, आणि तुला कळलं नाही... तेव्हा मला बरंच वाटलं. म्हटलं, हात अजून चालतो आपला.

लेक – हात चालतो! अगं, काय बोलतेस तू!

बाबा – तिच्यावर ओरडू नकोस.

लेक – मग कुणावर ओरडू? आपल्या जुन्या घरात ही तीस-पस्तीस वर्षं हेच करत होती. पंखा बंद, खिडकी बंद, पानं उडतात म्हणून कुणी जोरात दारसुद्धा लावायचं नाही. तिथं का नाही झालं काही? कारण ते घर शंभर ठिकाणी फाटकं होतं! कौलांतून हवा, दाराखालून हवा, खिडकी लागायचीच नाही नीट. मी म्हटलं, माझ्या आईनं असल्या गळक्या घरात का राहावं? मी सगळं बुजवलं. मी एक फट ठेवली असती ना, एकच...

बाबा – साहेब, शांत हो.

लेक – मी तिला सगळं विचारलं होतं हो. ओटा किती उंच हवा, उजेड डावीकडून हवा की उजवीकडून, कात्री टांगायला खुंटी कुठं हवी. टेबलावर वारा चालेल का, एवढं विचारायचं राहिलं. ही पंखा लावत नाही हे मी लहानपणापासून बघत आलेय. हिच्या पसाऱ्याशेजारी बसून मी अभ्यास केला. घामानं निथळत केला. आणि नेमकं ते मला आठवलं नाही. आणि जाळी एवढ्या उंच आहे. तू चढलीस कशी, आई? तुला तर शिडीवर गरगरतं.

आई – स्टुलावर.

लेक – एकटीनं?

बाबा – स्टूल मी धरलं होतं.

लेक – तुम्ही?

बाबा – खळीचं भांडंही मीच धरलं. एका हातात भांडं, एका हातानं स्टूल. ती वर, मी खाली. मला वाटलं, बाईंना भोक आवडलं नाही, त्या बुजवतायत. मी वर विनोद केला. म्हटलं, मुलीच्या घराला पहिलं ठिगळ आईनंच लावलं. खूप हसलो आम्ही.

लेक – बाबा, मी तुम्हाला सगळं समजावलं होतं. यंत्र कसं चालतं, जाळ्या कशासाठी...

बाबा – समजावलंस. मी मान डोलावली. मला वाटलं, एवढ्या जाळ्या आहेत घरात, एक झाकली तर काय बिघडलं? बसमध्ये एक खिडकी अडकली तर आम्ही काय गाडी आगारात उभी करायचो का? बाकीच्या उघड्या असायच्या की.

लेक – इथं बाकीच्या नव्हत्या. या खोलीला ती एकच होती. खिडकीची काच पक्की बसवलेली, रस्त्याची धूळ पुस्तकांवर येऊ नये म्हणून.

बाबा – फाडतो तो कागद. आत्ता फाडतो. स्टूल कुठाय?

लेक – नको! बाबा, थांबा, हात लावू नका! मागं काय साचलं असेल ठाऊक नाही. आई इथं बसलीय.

बाबा – मग खिडकी फोडतो. हातोडा आण. काच गेली तर गेली!

आई – पुस्तकांवर काचा पडतील.

बाबा – खड्ड्यात गेली पुस्तकं!

आई – असं बोलू नये.

बाबा – मग काय बोलू? सांग ना, काय बोलू? आयुष्यभर बस चालवली मी. पुढच्या ट्रकचा धूर, मागच्या ट्रकचा धूर, संध्याकाळी नाक शिंकरलं की काळं यायचं. डॉक्टरनं काल माझीही छाती तपासली, म्हणाला, तुमची घोड्यासारखी आहे. मला लाज वाटली गं. तू सावलीत बसून पानं शिवलीस, आणि तुला हे. कुठला न्याय झाला हा?

आई – न्याय कसला... त्यात.

लेक – आई, चल आता. माझ्याकडं चल. कपडे मी भरते. तुम्हीही चला बाबा.

आई – हे पुठ्ठे...

लेक – ते नाही चढणार आता. खळीपाशी जायचं नाही तुला. पेंढ्यापाशी नाही, जुन्या पुस्तकांपाशी नाही. डॉक्टरांनी मला बाहेर थांबवून सांगितलं. इथून निघाली तर आहे तेवढं टिकेल कदाचित. कदाचित, म्हणाले. नक्की नाही म्हणाले.

बाबा – आणि जे घट्ट झालंय ते?

लेक – ते तसंच राहणार.

बाबा – औषध असेल की. परदेशात काहीतरी निघालं असेल. तू कॉम्प्युटरवर बघ ना. तू तर सगळं शोधून काढतेस.

लेक – बघितलं, बाबा. रात्रभर तेच बघत होते. नाहीये काही. मी घर दुरुस्त करू शकते. भिंत पाडू शकते, छप्पर उतरवू शकते, दुसरं घर बांधू शकते. तिच्या छातीतलं मला काही करता येत नाही.

आई – रडू नकोस. इकडं ये. अशी बस माझ्यापाशी. लहानपणी बसायचीस तशी.

लेक – मला तुझ्यासाठी चांगलं करायचं होतं गं.

आई – चांगलंच केलंस. या घरात मला पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली. आधी आपली... जेवणं झाल्यावर मी जमिनीवर पसारा मांडायची. इथं टेबल, उजेड, सगळं मनासारखं. मी इथं फार आनंदात काम केलं. ते तुला खोटं वाटेल... पण खरं आहे.

लेक – नको ना असं बोलूस. तू मला शिव्या दे. ते बरं.

आई – तेवढा दम कुठून आणू?

बाबा – ठरलं. साहेब, ऊठ. डोळे पूस. तू हिला घेऊन जा. आत्ताच्या आत्ता. मी इथं राहतो.

लेक – तुम्ही इथं राहून काय करणार?

बाबा – भिंत खरवडतो. गिलावा मीच लिंपलाय, मला ठाऊक आहे तो कुठून सुटेल. ओला पेंढा उपसून काढतो, सगळा जाळतो. खोली उन्हाला उघडी टाकतो. नवा पेंढा भरतो, कोरडा, एकेक पेंडी हातानं तपासून. ती पक्की बसवलेली खिडकी काढतो, उघडणारी बसवतो. जाळ्या लागतील तेवढ्या पाडतो. खोली कोरडी ठणठणीत झाली की हिला परत आणतो.

लेक – बाबा, ती सगळी बुरशी उडेल. तुमच्या छातीत जाईल.

बाबा – जाऊ दे की! घोड्यासारखी आहे ना माझी? जाऊ दे थोडी. मलाही जाऊ दे.

आई – अहो.

बाबा – तू बोलू नकोस. तू दम खा.

आई – अहो, ऐका तरी.

बाबा – स्टूल मी धरलं होतं. मला एवढं करू दे. मला नुसतं तुझ्यापाशी बसून तुझी धाप ऐकवणार नाही. वेडा होईन मी. हातांना काहीतरी काम हवं मला. साहेब, सांग, किती दिवस लागतील? मी एकटा आहे, पण दिवसरात्र खपेन.

लेक – भिंत मोकळी करून पूर्ण वाळायला वर्ष जाईल, बाबा. त्याहून जास्तच. आणि तरीही आईला इथं परत...

बाबा – वर्ष तर वर्ष! वर्ष काय, असं निघून जातं. रोज फोन करीन. किती काम झालं ते सांगत जाईन तुला. तू तिथं आराम कर, चांगली हवा घे, आणि वर्षानं मी तुला घ्यायला येतो. पाहिजे तर माझी जुनी टोपी घालून येतो, बस घेऊन आल्यासारखा. काय? बोल ना, कबूल?

आई – वर्षभर थांबायला... मला नाही जमणार, हो.

बाबा – असं काय बोलतेस!

आई – भिंत राहू द्या. चपला घाला.